शेरूची हाडं आणि लीलाकाकूंचा डबा

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! पण त्या सकाळी माझा जीव कसा टांगणीला लागला होता, ते आधी ऐका.

जुन्या जालन्यात आम्ही भाड्यानं राहतो. वर आम्ही नवरा-बायको आणि शेरू, खाली घरमालकीण लीलाकाकू. काकू माळकरी. घर देताना त्यांनी एकच अट घातली. "सर, कुत्रं आणा, काई हरकत न्हाई. पण मटण-मासं माझ्या घरात बिलकुल न्हाई! दिसलं की घर खाली करायचं."

आम्ही दोघं तसेही खात नव्हतो. खायचा तो शेरू! जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "शिजवलेलं हाड देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे होतात. मोठं कच्चं हाड द्या आणि समोर बसून चघळू द्या." खरं सांगतो, हाड मिळायला लागलं आणि शेरूनं माझ्या चपला सोडल्या.

मग काय? दर रविवारी मी खाटकाकडून हाडं घ्यायची, पिशवीत वह्यांखाली घालून चोरासारखी वर न्यायची, आणि सुनीतानं ती फ्रीजमध्ये कुठल्यातरी डब्यात दडवायची. सहा महिने कुणाला पत्ता नाही!

त्या सकाळी सुनीता अंघोळीला जाता जाता म्हणाली, "अहो, काकूंना लाडू देऊन या. डबा भरून ठेवलाय."

काकूंनी आदल्या दिवशी धपाटे पाठवले होते. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे का तुम्हाला सांगायला हवं?

ओट्यावर एक स्टीलचा डबा होता. त्यावर आमचं नाव कोरलेलं! म्हटलं, काय ही बाई, लोकांचा डबा ठेवून घेते आणि आपला देऊन टाकते? फ्रीज उघडला. हा बघा, 'सौ. लीलाबाई' असं ठसठशीत कोरलेला डबा! हाताला चांगलाच जड लागला. पण सुनीताचे लाडू म्हटल्यावर जड असणारच की.

देऊन आलो. सुनीता केस पुसत बाहेर आली आणि ओट्याकडे पाहतच राहिली.

"लाडू तर इथंच आहेत. मंग तुम्ही काय दिलं?"

"काकूंच्या नावाचा डबा."

"अगं बाई! अहो, त्यात शेरूची हाडं होती!"

मी जिना उतरलो की घरंगळलो, आठवत नाही. मागोमाग शेरू.

काकू देवापुढं दिवा लावत होत्या. डबा ओट्यावर, झाकण लावलेलं. "या सर! नैवेद्य दाखवते, मंग खाते एक लाडू."

"नका!" मी ओरडलोच. "साखरेऐवजी मीठ पडलंय!"

"सगळ्या लाडवात?"

"सगळ्या!"

"पाहू तरी."

"नका पाहू काकू, सुनीताला फार वाईट वाटेल!"

तेवढ्यात शेरू ओट्याखाली जाऊन बसला. नजर डब्यावर, शेपूट फरशीवर आपटतंय, तोंडातून लाळ.

"घ्या, याला तरी लाडवाची कदर हाये," काकू म्हणाल्या. "यालाच घालते." आणि झाकण काढलं.

मी डोळे मिटले. घर गेलं! शेरूला घेऊन आता कुणाच्या दारात उभं राहायचं?

हळूच डोळे उघडले, तर काकू पदर तोंडाला लावून हसतायत!

"सर, सहा महिने झाले, हा माझ्या अळूत हाडं पुरून राह्यला. मी काय आंधळी हाये?"

"मग बोलला का नाहीत?"

"अट तुमच्यासाठी होती! धावड्याला आमच्या शेतावर चार कुत्रे होते. कुत्र्यानं हाड न्हाई खायचं तं काय साबुदाणा खायचा?"

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी सरळ काकूंच्या पाया पडलो. शेरू कधीच हाड घेऊन अंगणात पसार.

संध्याकाळी काकू स्वतः वर आल्या. हातात तोच डबा, पुन्हा जड. "रिकामा कसा देऊ?" म्हणाल्या. उघडून पाहतो तर आत सहा महिन्यांची हाडं! अळूतून उकरून काढलेली, मातीसकट!

"डबा आता शेरूलाच ठिवा," काकू म्हणाल्या. "आन् सर, नाव तं तुम्हाला बराबर वाचता येतं. आता झाकण उघडायचं बी शिका!"