शेवटचा फर्मा

माझा दादा बाइंडर. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून फर्मे करायचे, ते ओळीने लावायचे, शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा, यात त्याचा जन्म गेला. पुस्तकं बांधणाऱ्याला ती वाचायला सवड नसते, असं तोच हसून सांगायचा. मग एकदा त्याने वाया गेलेली एक प्रत घरी आणली. अस्तित्ववादावरचं पुस्तक होतं. शेवटचा फर्मा गहाळ.

"अपुरं पुस्तक कशाला वाचतोस?" मी विचारलं.

"शेवटच्या फर्म्यात काय असतं गं? सूची, आभार नि कोरी पानं. मला शिकवतेस?"

पुस्तकाने त्याला झपाटलं. माणूस स्वतःच स्वतःला घडवतो, कुणाच्या आड लपायचं नाही, दुसऱ्याचं आयुष्य आपण जगायचं नाही. दादाची दारू सुटली. मालकासमोर मान खाली घालणारा माणूस ताठ बोलू लागला. आम्ही त्याला 'तत्त्वज्ञ' म्हणून चिडवायचो, पण खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनी तर साध्या सुईला घाबरणारी. ओट्याला टेकून तिने माझ्यादेखत विचारलं, "अहो, काय करू? तुम्ही सांगाल तसं."

"शरीर तुझं, निर्णयही तुझाच," दादा म्हणाला. "मी कोण सांगणारा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तिला आधार हवाय, व्याख्यान नको!" मी ओरडले. हा आपलं म्हणणं सोडेना. आपण बायकोचा मान राखतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं. वहिनी 'बघू, बघू' म्हणत राहिली. गाठ पसरली आणि ती गेली.

पुढे त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती बांधणीला आली. दादाने शेवटचा फर्मा उलगडला. त्यात सूची नव्हती, एक अख्खं प्रकरण होतं. कुणी हात पुढे केला आणि आपण तो धरला नाही, तर तीही आपलीच निवड, तिचा भार दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

तो फर्मा जुन्या प्रतीला नीट शिवून त्याने ती माझ्यापुढे ठेवली. मी वाचलं. त्याच्याकडे बघून मला भडभडून आलं.

"पुस्तकच अपुरं होतं, दादा," मी म्हणाले. "तुझा काय दोष?"

"तिने पुस्तकाला कुठे विचारलं होतं?" दादा म्हणाला. "मला विचारलं होतं."