सुरगाणा: एक

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला माझं फील्डवर्क गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, महिलांच्या समुपदेशन केंद्रात लागलं होतं. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. जिना एकच. त्यामुळे आमच्याकडे येणारी बाई दवाखान्यातली पेशंट वाटायची, आणि ते बरंच होतं. कुणी विचारलं तर दाढ दाखवायला गेले होते म्हणून सांगता यायचं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याबरोबर तिची पहिलीतली मुलगी होती. मुलीच्या अंगावर शाळेचा युनिफॉर्म, खरं तर त्या दिवशी शाळा नव्हती. तिच्याकडचे तेच चांगले कपडे असावेत. बाई सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. भाताची कापणी संपली की नवऱ्याबरोबर जीपने खाली उतरायची आणि द्राक्षबागांत काम करायची. नवरा मारायचा. बागेच्या शेडमध्ये, बाकीच्या मजूर जोडप्यांसमोर मारायचा, आणि कुणी मध्ये पडायचं नाही. मागच्या हंगामात एका सकाळी ती मुलीचा हात धरून मालकाच्या टेम्पोत बसली आणि परत गेली नाही. सिन्नरच्या एमआयडीसीत तिला पॅकिंगचं काम मिळालं, सिन्नर गावातच एका म्हातारीच्या घरी खोली मिळाली. मुलीचं नाव तिने शाळेत घातलं. हे सगळं तिने एकटीने केलं होतं.

आमच्याकडे ती फक्त एक गोष्ट विचारायला आली होती. बाप मुलीला शाळेतून उचलून नेऊ शकतो का? नवऱ्याचं तिला फार भय नव्हतं. भय होतं मोठ्या दिराचं. तो ग्रामपंचायतीत मेंबर होता, आणि पोरगी आमच्या घराची आहे, ती आम्ही आणणारच, असं त्याने तिच्या माहेरी जाऊन सांगितलं होतं. हे तिला माहेरी केलेल्या फोनवर कळलं, पण ती कुठे आहे हे माहेरच्यांनाही ठाऊक नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं, म्हणजे त्यांना लपवावं लागणार नाही.

केंद्रातल्या वकीलबाईंची वेळ मी तिला घेऊन दिली. मग केंद्राच्या पद्धतीप्रमाणे माहिती लिहून घ्यायला बसले. वय, शिक्षण, मूळ गाव, काम, मुलं. ती उत्तरं देत होती आणि माझ्या पेनाकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "ताई, हे कोण वाचंल?"

मी म्हणाले, "तुमचं नाव कुठेच येणार नाही."

आम्हाला हेच शिकवलं होतं. मॅडम, म्हणजे कॉलेजातल्या आमच्या मार्गदर्शक, गोपनीयतेवर पूर्ण एक सत्र घ्यायच्या. क्लायंट रस्त्यात दिसली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. तिने दाखवली तरच आपण दाखवायची. ते मी तिला त्या दिवशी सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जराशी हसली.

हिवाळ्यात केंद्रप्रमुखांनी, त्यांना आम्ही सर म्हणायचो, मला वर्षभराच्या केसेस एक्सेलमध्ये भरायला सांगितल्या. मला ते काम आवडायचं. एकेका बाईचं ऐकून डोकं बधिर व्हायचं, पण सगळ्या एकत्र मांडल्या की काहीतरी दिसायला लागायचं. कुठल्या वयात, कुठल्या महिन्यांत, कुठल्या कामातल्या बायका जास्त येतात. तक्ते करताना मी डोंगराकडचे तालुके एका गटात घातले, कारण तिकडून आलेल्या बायका अगदी थोड्या होत्या. सरांना ते पटलं नाही. देणगी देणाऱ्यांना तालुकावार माहिती हवी होती. मूळ तालुका, सध्या कुठे राहते, काय काम करते, मुलं किती. मी त्यांना म्हणाले, तसं केलं तर सुरगाण्याच्या ओळीत एकच बाई उरते.

"एक हीसुद्धा संख्याच आहे," सर म्हणाले.

ते वाईट माणूस नव्हते. केंद्र त्यांनी उभं केलं होतं, आणि रात्री-अपरात्री फोन आला तरी उठून जायचे. मी दिलेल्या शीटवरून शेवटचे तक्ते त्यांनी स्वतः केले. मला ते दाखवले नाहीत, आणि दाखवायची गरजही त्यांना वाटली नाही.

स्थलांतरित महिलांच्या प्रश्नांवर एक बैठक ठरली होती. वेगवेगळ्या तालुक्यांतले सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील बोलावले होते. एका शुक्रवारी दुपारी सरांनी त्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अहवालाची पीडीएफ टाकली. मी चहा घेत ती उघडली. तक्ता मधल्याच पानावर होता. सुरगाणा, एक. सध्याचं वास्तव्य सिन्नर. काम कारखान्यात पॅकिंग. अपत्य एक मुलगी, इयत्ता पहिली. नाव कुठेच नव्हतं.

ग्रुपमधल्या लोकांची यादी मी खालपर्यंत सरकवत गेले. तिच्या गावचं नाव आणि पुढे "ग्रा. पं. सदस्य" असं लिहिलेला एक नंबर होता. हा तोच असणार, दुसरा कोण असेल? चहा तसाच राहिला.

सरांना फोन लावला. ते हॉल बघायला गेले होते. म्हणाले, नाव दिलेलं नाही, कुणाला कळणार आहे? मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, दिराचंही सांगितलं. मग त्यांनी फाइल डिलीट केली. पण तोवर ती किती जणांच्या फोनमध्ये उतरली होती देव जाणे. उलट लगेच ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं, काय काढलं साहेब? सरांनी लिहिलं की छपाईच्या चुका आहेत, सुधारून टाकतो.

मॅडमना फोन केला. त्या एका लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या, मागे बँड वाजत होता. त्यांचा आवाज एकदम बदलला. सोमवारी मी स्वतः येते म्हणाल्या, तोवर झालेलं सगळं लिहून ठेव. आणि एक सांगितलं, तू एकटी तिच्याकडे जाऊ नकोस. विद्यार्थ्याने क्लायंटच्या घरी एकटं जायचं नाही हा नियम होता, आणि तो का होता हे मला पटत होतं.

मग मी म्हातारीचा नंबर लावला. बाईचा स्वतःचा फोन नव्हता, निरोपासाठी तिने तोच दिला होता. बंद. संध्याकाळी बंद. सकाळीही बंद.

शनिवारी मी द्वारका चौकातून सिन्नरची बस पकडली. नियम मोडतेय हे कळत होतं. पण घरात बसून त्या बंद फोनची टेप ऐकत राहणं मला जमेना. बसमध्ये बसल्यावर मात्र लक्षात आलं. ती कुठल्या कंपनीत आहे ते मला माहीत नव्हतं, खोली कुठल्या आळीत तेही नाही. विचारायचं म्हटलं तर काय विचारणार? सुरगाण्याकडची बाई, बरोबर लहान मुलगी, पॅकिंगला जाते, पाहिलीत का? तिचा दीर आला असता तर त्यानेही शब्द न् शब्द हेच विचारलं असतं. मी चार ठिकाणी विचारलं असतं की चार ठिकाणी तिची ओळख पेरून आले असते.

म्हणून कुणालाच विचारलं नाही. एमआयडीसीच्या फाट्यावर उतरले आणि कंपन्यांच्या रस्त्यावर एका टपरीशी उभी राहिले. शिफ्ट सुटली की बहुतेक बायका तिथूनच जीप धरायच्या, एवढं तिच्या बोलण्यातून मला आठवत होतं. टपरीवाल्याने कुणाची वाट बघता म्हणून विचारलं. मी म्हणाले, कामाच्या शोधात आलेय. तर तो बिचारा मनापासून सांगायला लागला, कुठल्या गेटवर कोणत्या साहेबांना भेटायचं, कुठे बायकांना घेतात. मी मान हलवत राहिले. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवरचा माणूस मला तिचा दीर वाटत होता, आणि मी तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

शिफ्ट सुटली. बायकांचे घोळके आले. स्कार्फ बांधलेले, डबे हातात. ती दिसली आणि तिनेही मला पाहिलं. क्षणभर तिचे पाय थबकले. मग नजर पुढे करून ती माझ्या अगदी जवळून निघून गेली. ठरल्याप्रमाणे मीही काही बोलले नाही. ती ज्या जीपमध्ये चढली त्याच जीपमध्ये मी चढले. माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता आणि आम्ही दोघी दोन बाजूंना बघत होतो.

गावात बाजारापाशी ती उतरली. भाजीवालीसमोर वाकून मेथी निवडायला लागली. मी शेजारी वाकले.

"काय झालं?" ती जुडीकडे बघतच म्हणाली.

मी सांगितलं. शक्य तितकं सरळ सांगितलं.

"नाव नाय ना टाकलं?"

"नाव नाही. पण तुमच्या घरच्या माणसाने वाचलं तर त्याला कळेल."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग नाव नसून काय उपेग?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेपला असता. "त्यानं वाचलं का?"

"माहीत नाही."

"कवा कळंल?"

"तेही सांगता येत नाही."

मी तिला निवारागृहाबद्दल सांगितलं, पोलिसांत अर्ज देण्याबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. निवाऱ्यात गेलं तर कामाला कसं जाणार, आणि पोलिसांनी पहिला फोन गावच्या पाटलालाच केला तर, असं तिने विचारलं. याची उत्तरं तिला आधीच ठाऊक असावीत. भाजीवालीने घ्यायची आहे की नाही म्हणून हटकलं. तिने एक जुडी घेतली.

"ताई, तुमी असत्या तर काय केलं असतं?"

सल्ला द्यायचा नाही, पर्याय मांडायचे, निर्णय क्लायंटचा. वर्गात हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे. पण पर्याय कुठे होते?

"मी निघून गेले असते," मी म्हणाले. "आजच."

तिने मान हलवली. कुठे जाणार ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मुलीला शाळा आवडायला लागली होती, एवढंच ती जाताना म्हणाली. मेथीची पिशवी हातात घेऊन ती गर्दीत गेली आणि मी तिच्या पाठीकडे बघायचंही टाळलं.

सोमवारी बैठक झाली. मॅडम आल्या होत्या. सरांशी त्या आतल्या खोलीत बोलल्या, आणि बाहेर आल्यावर सरांचा चेहरा उतरलेला होता. नव्या अहवालात तो तक्ता नव्हता. पाहुणे आले, भाषणं झाली. जेवणाच्या वेळी पांढऱ्या शर्टातला एक शांत, नीटनेटका माणूस ताट घेऊन माझ्याजवळ आला. त्याने तिच्याच गावाचं नाव सांगितलं. मुलींसाठी तुम्ही लय चांगलं काम करता म्हणाला. मग भाताचा घास कालवत त्याने विचारलं, "मॅडम, सिन्नरला पण तुमचं ऑफिस हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "आमचं इथेच आहे."

"नाय, कागदात वाचलं म्हणून विचारलं."

त्याने आणखी भात मागून घेतला. मी बेसिनपाशी जाऊन नुसता नळ सोडून उभी राहिले. मॅडम मागे आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, शनिवारचंही. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी नळ बंद केला.

त्यानंतर दोनच दिवसांनी म्हातारीचा फोन लागला. चार्जर बिघडला होता, म्हणाली. मी कोण ते सांगितलं नाही, तरी ती आपणहून बोलत सुटली. बाई शनिवारी संध्याकाळीच खोली सोडून गेली. काही बोलली नाही, पाया पडली आणि गेली. आणि काल जीप घेऊन तिघं आले होते, शाळेत जाऊन आले, मग कुणी दाखवलं म्हणून म्हातारीच्या दारात आले. घरात शिरून बघून गेले. "पोरीचा शाळेचा ड्रेस दोरीवर ऱ्हायलाय," म्हातारी म्हणाली. "तो कुठं देऊ?"



पुढच्या वर्षीपासून कॉलेजने त्या केंद्रात विद्यार्थी पाठवणं थांबवलं. केंद्र चालू राहिलं, आणि खरं सांगायचं तर चालू राहायलाच हवं होतं. नवी माहिती बाहेर जाण्याआधी दोघांनी तपासायची, असं सरांनी ठरवल्याचं नंतर कानावर आलं. तिची केस मात्र "संपर्क तुटला" अशा शेऱ्याने बंद झाली. तो शेरा मला लिहायला सांगितला होता. मी नाही म्हणाले, मग दुसऱ्या कुणीतरी लिहिला.

मी याच कामात राहिले. जून उजाडला की मला अजून त्रास होतो. शाळेचा दाखला न घेता ती निघून गेली होती. दाखला मागायला सिन्नरला परत यावं लागलं असतं, आणि ती आली नसणार. दाखल्याशिवायही प्रवेश द्यावा असा नियम आहे, तो मी तिला त्या भाजीवालीसमोर सांगायला हवा होता असं मनात येतं. पण तेव्हा सुचलं नाही. मुलगी आता मोठी झाली असेल. कुठल्या तरी शाळेत तिला बसू दिलं असेल, किंवा नसेल.