पिक्चरमध्ये पाणीच नव्हतं

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप अंगावर बसतात आणि घरी येऊन पदर झटकला की पडतात. जवळा बाजारच्या पुढं फाट्यावर आमची शाळा आहे, मी तिथं मराठी शिकवते. माझे बहुतेक किस्से हसायचेच आहेत. हे मात्र सगळे एकाच पुस्तकाचे आहेत, आणि सांगताना मला अजून धाकधूक होते. तशी मी मुळातच भित्री बाई. पालीला भिते, हेडसरांना भिते, गावाला तर फारच भिते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं!

* * *

शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववीच्या पोरींना मी तासभर पुस्तक वाचून दाखवते. मागच्या वर्षी कपाटात एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद सापडला. एका शहराची गोष्ट. तिथं प्रत्येक घराच्या दारावर लेकरांची नावं लिहिलेली असतात. मुलगी पंधरा वर्षांची झाली की एक माणूस दारात येतो. साधा माणूस, पायात चपला, हातात फडकं. तो घरच्यांना नम्रपणे पाणी मागतो. अर्धं पितो, उरलेल्यात फडकं भिजवतो आणि दारावरचं त्या मुलीचं नाव पुसून जातो. दुसऱ्या दिवशी तिची आईच तिला विचारते, "कोण गं तू?"

इथपर्यंत वाचलं आणि वर्गात पंखा सोडून काही हलेना. नसरीन म्हणून एक मुलगी आहे, बांगड्यांच्या दुकानवाल्याची. तिच्या तोंडाला कुलूप कधी नसतं. त्या दिवशी मात्र ती हळूच म्हणाली, "मॅडम, त्यानं स्वतःचं पाणी आणलं असतं तर इतकी भीती न्हाई वाटली असती."

त्या दिवसापासून पोरी बाथरूमला चौघी चौघींनी जायला लागल्या. मी त्यांच्यावर ओरडले आणि घरी जाऊन स्वतः दाराची कडी दोनदा तपासली.

* * *

आता आमच्याकडची रीत अशी, की शाळेत कुणी पाहुणा आला की पहिल्या बाकावरच्या पोरीनं न सांगता उठायचं आणि तांब्या-पेला आणायचा. पुस्तक अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा तपासणीला एक साहेब आले. ऊन मी म्हणत होतं. साहेब नववीच्या वर्गात आले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

एकही पोरगी उठली नाही. साहेबांच्या हातात रुमाल होता, तो त्यांनी घडी करून बाकावर ठेवला. एकतीस पोरी त्या रुमालाकडे बघत बसल्या. हेडसरांनी डोळे वटारले, खाकरले, शेवटी स्वतः निघाले, तेवढ्यात मागून कुणीतरी रडायलाच लागलं!

साहेब पाच मिनिटांत निघून गेले. शेरेबुकात लिहून गेले की शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. टाकी वर्गाच्या खिडकीतून दिसत होती. हेडसर मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी जरा देवादिकांचं काहीतरी वाचा."

* * *

मग नसरीनचे अब्बा आले. दुकान बंद करून आले म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पोरीनं लसीकरणाच्या बाईला उंबऱ्यावरूनच परत लावलं होतं. त्या बाईनं पाणी मागितलं, एवढाच तिचा गुन्हा.

"मॅडम, तुमी लेकरांना हे काय शिकवून राहिले?" ते म्हणाले. मी घाबरून पुस्तकच त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, वाचा आणि तुम्हीच सांगा. त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि आठ दिवस परत केलं नाही. मी रोज त्यांच्या दुकानावरून जायची आणि मान वर करायची नाही.

नवव्या दिवशी बांगड्या भरायच्या निमित्तानं गेले. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. दारावर हिरव्या रंगात मोठ्या अक्षरांत नसरीनचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं नाव रंगवलेलं. मी बघतच राहिले. अब्बा माझ्या मनगटावर बांगडी चढवत होते, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ऑइलपेंट हाय मॅडम. पाण्यानं न्हाई निघत."

* * *

त्याच सुमारास बातमी आली की त्या पुस्तकावर पिक्चर निघालाय आणि हिंदीत डब होऊन हिंगोलीला लागलाय. पोरी मागंच लागल्या. हेडसरांनी प्रत्येकीच्या बापाची सही आणायला सांगितली, त्यात निम्म्याहून जास्त गळाल्या. बारा जणी उरल्या.

गाडीचा प्रश्न गोदाच्या वडिलांनी सोडवला. गोदा म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. हुशार, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचे वडील मारोतराव टेम्पो चालवतात, हळदीची पोती वाहतात. माणूस गोदापेक्षा शांत. त्यांच्या घरात बोलायचं काम त्यांच्या थोरल्या भावाकडं, म्हणजे गोदाच्या काकांकडं. तो सांगेल तिथं हे मान हलवणार. हळदीचे दिवस होते. टेम्पोत सतरंजी टाकून बारा पोरी बसवल्या, आणि हिंगोलीला उतरल्या तेव्हा सगळ्या नवरीसारख्या पिवळ्या! मी हे हसत हसत बोलून गेले. गोदा तेवढी हसली नाही. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

* * *

पिक्चरबद्दल काय सांगू? आम्ही एकमेकींचे हात धरून बसलो होतो. नसरीननं तर आधीच डोळ्यांवर ओढणी घेतली होती. पडद्यावर नाव पुसणारा आला. सात फुटी, अंगभर लोखंड, डोळ्यांतून लाल उजेड. त्यानं दाराकडं बोट केलं, धडाम आवाज झाला आणि नाव काय, दारच जळून गेलं. मग हिरोइन उडत्या मोटारसायकलवर बसली. मग एक पोरगा आला. मग दुसरा पोरगा आला. आता हिला कुठला आवडतो, यात तासभर गेला. नसरीननं ओढणी खाली घेतली आणि फुटाणे खायला सुरुवात केली. मारोतराव माझ्या पलीकडं बसल्या बसल्या घोरत होते.

बाहेर आलो. एरवी पिक्चर बघून आलेल्या पोरी गप्प बसत नाहीत. ह्या उसाचा रस पीत उभ्या, जसं काही तिमाहीचा पेपर देऊन आल्यात. मी विचारलं, कसा वाटला?

"ठीक हाय," एक म्हणाली.

"बरा व्हता," दुसरी म्हणाली.

नसरीन म्हणाली, "मॅडम, इतका खर्च करून त्यांनी भ्यायची जागाच ठेवली न्हाई."

गोदा सगळ्यात शेवटी बोलली. रस तसाच हातात धरून म्हणाली, "पिक्चरमध्ये त्यानं पाणी मागितलंच न्हाई. त्याला कुणाच्या हातानं काही लागतच न्हाई. मग त्यात घरच्यांचं काय राहिलं?"

* * *

परत येताना मी पुढं केबिनमध्ये बसले. मधे गोदा, स्टेअरिंगवर मारोतराव. औंढा मागं पडला. मग मारोतरावांनी विचारलं, "पुस्तकात बी असंच हाय का गं?"

गोदानं सांगायला सुरुवात केली. त्या पोरीला मी वर्षभरात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. चपला, फडकं, नम्रपणे पाणी मागणं, सगळं सांगितलं. मारोतराव रस्त्याकडं बघत ऐकत होते.

"पाणी कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"आन बाप?"

"बाप तिथंच बसलेला असतो," गोदा म्हणाली. "पुस्तकभर त्याला एकबी वाक्य न्हाई, बाबा."

मारोतरावांनी गिअर बदलला. माझा फाटा आला. मी उतरले तेव्हा फक्त मान हलवली, नेहमीसारखी.

* * *

चार दिवसांनी गोदाची शाळा बंद झाली. सहाव्या दिवशी तिचे थोरले काका शाळेत आले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज देऊन गेले. खाली मारोतरावांची सही. पोरीला स्थळ आलंय, मोठं घर आहे, पुढचं शिक्षण तिकडंच करतील, असं काका हेडसरांना सांगत होते. मी बाजूच्या टेबलावर वह्या तपासत होते आणि एकच ओळ पाचव्यांदा वाचत होते. गोदाला पंधरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर मीच माझ्या हातानं लिहून लावलाय. त्या दिवशी मी तो तीनदा मोबाईलवर दाबला आणि तीनदा पुसला. गावात राहायचंय, ह्याच रस्त्यानं रोज चालायचंय, कुणी लावला फोन हे कळायला इथं किती वेळ लागतो! मी घाबरले, सरळ सांगते.

मग मारोतराव स्वतः आले, व्हरांड्यात उभे राहिले. रविवारी पाहुणे नुसते बघायला येणार होते. थोरल्या भावाचं म्हणणं होतं की पोरगी हुशार आहे, हे मॅडमनी येऊन पाहुण्यांना सांगितलं तर बरं पडेल. ही आमच्याकडची दुसरी रीत. पोरीची परीक्षा घेणारे येतात तेव्हा शाळेतलं माणूस साक्षीला बसवतात. मी तोंडातल्या तोंडात हो म्हटलं. शनिवारी हेडसरांनी दाखला माझ्या हातात दिला. "तुम्ही चाललाच आहात, तर देऊन टाका."

शाळा सुटल्यावर दाखला पर्समध्ये घालून निघाले, तर नसरीन फाटकाशी थांबली होती. तिनं पर्सकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, तो नाव पुसणारा कोण व्हता, ते पुस्तकात शेवटपर्यंत सांगितलंच न्हाई ना?"

मी म्हटलं, नाही सांगितलं.

"मग कुणीबी असंल," ती म्हणाली आणि दप्तर उचलून घरी गेली.

* * *

रविवारी अकराच्या सुमाराला मी गोदाच्या घरी पोचले. अंगणात हळद वाळत टाकली होती. उंबऱ्यापाशी मी चपला काढल्या आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली. पर्समध्ये दाखला होता. त्यावर गोदाचं पूर्ण नाव माझ्याच अक्षरात होतं, कारण आमच्या शाळेत दाखले मीच लिहिते.

ओसरीत पाहुणे बसले होते, मुलाचे वडील, मामा आणि आत्या. मुलगा आला नव्हता. थोरले काका मधोमध बसून बोलत होते, आणि मारोतराव भिंतीला टेकून कोपऱ्यात. काकांनी माझी ओळख करून दिली. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे. पुढं म्हणायचं होतं की तिला शिकू द्या. त्याऐवजी पर्स मांडीवर घेतली.

मामांनी टोपी काढून वारा घेतला आणि अगदी गोड आवाजात आतल्या दिशेनं म्हणाले, "बाई, उन्हाचं आलोत. आधी पाणी आण."

गोदा आतून आली. साडी तिला मोठी होत होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाच पेले. चौकटीत आली आणि थांबली. पुढं पाऊल टाकेना. मागून तिच्या आईचा हात तिच्या पाठीवर दिसत होता. मला वाटलं आता ही पडणार. काका हसून म्हणाले, लाजती पोरगी. आत्याही हसली. मामांनी हात पुढं केला होता, तो तसाच होता. मी पर्सवरची पकड घट्ट केली आणि जमिनीकडं बघितलं.

कोपऱ्यात हालचाल झाली. मारोतराव उठले. चार पावलं चालून लेकीपाशी गेले आणि तिच्या हातातून ट्रे घेतला. काकांना वाटलं, आता हा स्वतः पाणी वाढणार. ते म्हणाले, "हां, दे की."

मारोतराव पाहुण्यांकडं वळले. 

"पाहुणे, राग मानू नका," ते म्हणाले. "आमच्या घरात पाणी न्हाई."

आणि पाच भरलेले पेले हातात घेऊन ते तिथंच, चौकट अडवून उभे राहिले.