पाठराखणीची जागा

ताईच्या पाठवणीसाठी नवऱ्याकडच्यांनी रायपूरच्या एका मित्राची लाल स्पोर्ट्‌स कूपे आणली होती. शेजारी आमची भाड्याची पांढरी अँबॅसिडर उभी होती. तिचा ड्रायव्हर हात मागे बांधून कूपेभोवती फिरला, वाकून चाकं पाहिली आणि म्हणाला, "काय देखणी हाय बे! उभी हाय, तरी पळून राहिली वाटते."

नवरदेव स्वतः चालवणार होते. ताई त्यांच्या बाजूला बसली. पाठराखीण म्हणून मला ताईसोबतच सासरी जायचं होतं, पण मागच्या सीटवर जेमतेम एक पिशवी मावली असती.

"पाठराखीण अँबॅसिडरमधून मागून येईल," कूपेचा मालक असलेला तो मित्र म्हणाला. ताईचा चेहरा उतरला. मला 'नाही' म्हणायचं होतं, पण इतक्या माणसांत मी पिशवी उचलून अँबॅसिडरकडे वळले.

"काऊन मागून?" ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला. "नवरी काय एकटी जाते? माही म्हातारी हळू चालते, पन सगळ्याईले घेते. जवाईबापू, तुमी समोर या माह्याजवळ. दोघी बहिणी मांगं बसतीन."

सगळे हसले. नवरदेवही हसत उतरले.

गोंदिया मागे पडलं तसा ड्रायव्हरने समोरचा आरसा हळूच छताकडे फिरवला आणि नवरदेवांशी धानाच्या गोष्टी काढल्या. तोवर ताईने रडू कसंबसं आवरून धरलं होतं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोटभर रडली.

तिचं सासर येईपर्यंत त्याने आरसा सरळ केला नाही.