मेश्राम काकांचा अंगठा

भूत, बाधा, नजर — यातलं मी काहीच मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. त्यामुळे कमेंटमध्ये लिंबू-मिरची सुचवणाऱ्यांनी आणि "सिंक इश्यू असेल" म्हणणाऱ्या हुशारांनी, दोघांनीही जरा तोंड आवरावं. दोन्ही ऐकून माझे कान किटलेत.

मी छत्तीसगडातल्या भिलाईची. घर नेहरू नगरात, आणि नोकरी होती सुपेल्याच्या आतल्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये. लोखंडी गर्डर बनवायचे आणि ट्रेलरवर चढवून पाठवायचे, हे तिथलं काम. मी प्लॅनिंगला. खाली उभं राहून बटणांनी क्रेन चालवायचे मेश्राम काका, मूळचे भंडाऱ्याकडचे. अख्ख्या शेडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण म्हणून आमचं फार पटायचं असं नाही. काका फटकळ, आणि मी काही कमी नाही.

आमचे मॅनेजर कुठलंसं ट्रेनिंग करून आले ते टीमची प्रॉडक्टिव्हिटी वाढवायचं खूळ डोक्यात घेऊनच. नवं मेसेजिंग ॲप आलं. फोन करायचा नाही, ओरडायचं नाही, जे काय असेल ते ग्रुपवर. मॅनेजर मेसेज टाकणार आणि प्रत्येकाने त्याखाली अंगठा द्यायचा. अंगठा म्हणजे 'वाचलं, तयार आहे'. सगळे अंगठे आल्याशिवाय काम पुढे सरकायचं नाही, आणि ज्याचा उशिरा येईल त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी. आधी काका नुसते "हटो रे" ओरडायचे आणि माणसं माना वर करून बघायची. आता सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मला त्या ॲपचा मनापासून तिटकारा होता... आणि ग्रुपची ॲडमिन मीच.

त्या दिवशी जेवणानंतर एक मोठा गर्डर चढवायचा होता. ट्रेलर दारात उभा, मॅनेजर सकाळपासून तापलेले. आमची पद्धत अशी — क्रेनने गर्डर कमरेएवढा उचलून धरायचा, मग ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे घ्यायचे, आणि मग दोन हेल्पर गर्डरखाली शिरून, तो ज्यांवर टेकलेला असायचा ते लाकडी ठोकळे बाहेर ओढणार. गर्डर उचलला गेला. मॅनेजरचा मेसेज पडला. अंगठे येत गेले. काकांचाही आला... आणि गेला.

"मेश्राम, थंब?" मॅनेजरने लिहिलं. पुन्हा आला. पुन्हा गेला. मी जिना उतरून शेडमध्ये गेले.

"काका, देता अन् मंग काढून कावून घेता?"

"मले काय हौस हाय का? कवाचा देऊन राहिलो मी. घ्या, तुमीच दाबा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी स्वतः दाबला. अंगठा उमटला, माझ्या फोनवरही दिसला. आणि आम्ही दोघं बघत असताना, कुणाचंही बोट स्क्रीनला लागलेलं नसताना, तो नाहीसा झाला. मी परत दाबला. परत तेच. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मॅनेजर शिव्या देत केबिनमधून खाली आले. "नाटक चल रहा है क्या?" काकाही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. दोघांची चांगलीच जुंपली. एव्हाना गर्डरखाली असायला हवे होते ते दोन हेल्पर बाजूला उभे राहून तमाशा बघत होते.

आणि गर्डर ज्या तारेच्या दोरावर टांगला होता, तो दोर तुटला. खालच्या ठोकळ्यांचा भुगा झाला. माणसाला कुणाला खरचटलंही नाही.

वाटलं होतं, आता कुणीतरी देवाचं नाव घेईल. धूळ खाली बसायच्या आत मॅनेजरने काकांकडे बोट दाखवलं. "इसको पहले से पता था."

चौकशी झाली. ॲपवाल्यांनी कळवलं — अंगठा दिला तो काकांच्याच फोनवरून, काढला तोही त्याच फोनवरून. झालं! म्हणजे काकांनी मुद्दाम अडवून धरलं, म्हणजे दोराशीही त्यांनीच काहीतरी केलं असणार. वेळच्या वेळी दोर बदलून घेणं ज्यांचं काम, तेच हे बोलत होते. चोराच्या उलट्या बोंबा.

मी मीटिंगमध्ये सांगितलं, फोन माझ्या हातात होता, काकांनी काही काढलेलं नाही. मॅनेजर हसले. "तो क्या भूत ने निकाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घडलं ते सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी टाकलं — ज्यांनी पाहिलं त्यांनी अंगठा द्या. सगळ्यांनी वाचलं, तशी खूण आली. अंगठा एकाचाही नाही. जीव वाचलेल्या त्या दोन हेल्परांपैकी एक जवळच्या उतई गावाहून यायचा, त्याला मी गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "घर मा लइका-बच्चा हे, मैडम." त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो, त्याचाही येतो.

काकांना काढून टाकलं. सामान घ्यायला आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले. एरवी मला मॅडम म्हणायचे, त्या दिवशी तसं म्हणाले नाहीत.

"पोरी, खरं सांग. ग्रुपची ॲडमिन तू, अन् फोनही तुह्या हातात होता. तूच काढला ना अंगठा?"

"नाही काका. खरंच नाही."

"काढला असशीन तं चांगलंच केलं तू. दोघायचा जीव वाचला. पन मंग तसं सांगून द्याचं होतं ना साहेबाले. माही नोकरी तं राह्यली असती."

मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती विश्वास ठेवल्याची नव्हती. गाडीला किक मारून ते निघून गेले.

पुढे मीही ती नोकरी सोडली. अंगठा कुणी काढला, हे मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. काकांना मात्र ते पक्कं माहीत आहे. सुपेल्याच्या बाजारात कधी समोर आले, तर मला बघून तोंड फिरवतात.