बांधावरचं गढूळ पाणी

परवा गडब गावाजवळ गाडीतून उतरले, तर ओहोटीच्या चिखलाचा वास आला आणि मी मनाने पुन्हा बाबांसोबत खाडीच्या बांधावर उभी राहिले.

त्या वर्षी मी सुटीवर घरी आले होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरींत चार्म क्वार्क असलेले कण किती तयार होतात, ते मोजायचं माझं काम. हे कण जन्मताच विरतात. मागे उरलेल्या तुकड्यांवरून आलेखात बारीकसा उंचवटा दिसतो. भोवतालचा गोंगाट वजा करून उरेल तेवढंच खरं, असं मी बाबांना वाटेत रुबाबात सांगितलं होतं.

भरती चढत होती. आमच्या शेताच्या अंगाला बांधातली खेकड्यांची बिळं पाझरत होती. बिळं बुजवायला आणलेलं फावडं खाली ठेवून बाबा वाकले आणि एका बिळाखाली त्यांनी ओंजळ धरली.

"बाकीच्यांचं पानी नितळ हाय. ह्याचं गढूळ हाय गो. आतली माती चाललीय."

ओंजळीच्या तळाशी चिमूटभर गाळ बसत होता.

"एका बिळावरून काय ठरत नाय, बाबा," मी म्हणाले. "आमच्याकडं याला गोंगाट म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओंजळीकडे, आणि पाणी सोडून दिलं.

दोन दिवसांनी उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. खारं पाणी शिरलेल्या आमच्या भाताच्या खाचरांत आता तिवरांचं रान आहे. वासासरशी मला दिसतात ते बाबा: माझं ऐकून, कोरडं फावडं खांद्यावर टाकून, माझ्या मागे घरी चाललेले.