तांबट आळीतला समुद्र

कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत यज्ञेश्वरइतका नामी कारागीर नाही, असं खुद्द यज्ञेश्वरचंच मत आहे. मी शेजारी असल्यामुळे ते रोज ऐकतो. पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थाने एका हॉटेलात प्रवाळांची टाकी पाहिली, समोरचं जेवण गार होऊ दिलं आणि घरात समुद्र आणायचं खूळ डोक्यात घेतलं.

काचेची लांबलचक टाकी आली. पाणी खेळतं ठेवायला पंप आला, निळसर दिवा आला, आणि गूळ करताना उसाच्या रसावरची मळी काढावी तसा पाण्यातला मळ फेसातून काढणारं एक यंत्र आलं. गाळलेल्या पाण्यात खास मीठ विरघळवलं. मग महिनाभर आत नुसते दगड. पाणी मुरल्याशिवाय जीव सोडायचे नसतात म्हणे.

"लोक कुत्री पाळतात," त्याची बायको, कुसुमवहिनी, येईल त्याला सांगायची. "आमच्याकडे दगड पाळलेत. त्रास काही नाही, भुंकत नाहीत."

अखेर केशरी मासे आले, एक लाल कोळंबी आली, बटणांएवढे मऊ प्रवाळ आले. ते उमलले तेव्हा यज्ञेश्वरने आख्ख्या आळीला पेढे वाटले. पण आठवडाभरात कोळंबी मेली आणि प्रवाळ मिटून बसले. मासे मात्र मजेत होते. यज्ञेश्वरचं कामात लक्ष लागेना.

शनिवार पेठेतली टाकीवाली पद्मजा तपासायला आली. तिने नळीत पाणी घेऊन थेंब टाकले.

"काका, पाण्यात तांबं उतरलंय. मीठ कशात कालवता?"

यज्ञेश्वरने स्वतः ठोकलेला हंडा अभिमानाने पुढे आणला. "पाहुण्यांना काय प्लॅस्टिकच्या बादलीतलं पाणी द्यायचं? तांब्यासारखं शुद्ध दुसरं काही नाही."

"आपल्याला चालतं. माशांचंही निभावतं. प्रवाळांना आणि कोळंबीला हे विष आहे. तुमच्या हातांवरची पूडसुद्धा."

त्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. माझ्या जिभेवर एक खोचक वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. मला त्याची फार कीव आली.

"घेऊन जा सगळं," तो म्हणाला. "हे हात काही बदलायचे नाहीत."

कुसुमवहिनी आतून नवी कोरी प्लॅस्टिकची बादली घेऊन आली. बांगड्या उतरवून तिने फडताळात ठेवल्या. "आता नुसतं सांगा," ती म्हणाली. "हात मी घालते."

कित्येक आठवडे तीच पाणी बदलत राहिली, तांबं शोषणाऱ्या पुड्या टाकत राहिली. यज्ञेश्वर हात पाठीशी बांधून सूचना द्यायचा. ती त्यातल्या निम्म्या ऐकायची. एका रविवारी मी चहाला गेलो, तर सगळे प्रवाळ उमललेले. वहिनीचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि मासे तिच्या बोटांना तोंड लावत होते.

"हाताला कसं लागतं गं?" यज्ञेश्वरने विचारलं.

तांब्यावरून बोट फिरवून पत्र्याची जाडी सांगणारा माणूस हा. वहिनीने थट्टा केली नाही. तिने डोळे मिटले.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली. "ओठ मऊ आहेत. आपली उल्का तान्ही असताना बोट चोखायची ना, तसं."

यज्ञेश्वरने मान हलवली. "अजून सांग," तो म्हणाला.